गाडी अलीकडे, घर पलीकडे

आमच्या साडूंइतका खरा माणूस उदगीरच्या मोंढ्यात आजवर झाला नाही, आणि परमेश्वराला बायकामाणसांची थोडी जरी कणव असेल तर तो पुन्हा होऊही देणार नाही. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातला एक तर मला रोज दाढी करताना आरशात भेटतो. किराणा दुकानदाराला त्याशिवाय गत्यंतर नसतं. पण खोट्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्याबरोबर संसार करता येतो. खऱ्या माणसाच्या संसारात खरेपणा हाच घरचा थोरला असतो, आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या पाठीमागून अनवाणी चालायचं असतं.

साडू मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की वजनाचा आकडा मोठ्यानं पुकारायचा, आणि तो आकडा शेतकऱ्यानं, अडत्यानं, खरेदीदारानं मुकाट मान्य करायचा, असं ते काम. इतर मापाडी गुडघा, अंगठा, धोतराचा सोगा अशा नाना मार्गांनी काट्याची समजूत घालत. साडू मात्र काट्यापासून दोन पावलं लांब, हात पाठीशी बांधून उभे राहत आणि श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून सोडत. एकदा आमचे सासरे, म्हणजे माझे आणि त्यांचे दोघांचेही, तुरीची पोती घेऊन मोंढ्यावर आले. थोरला जावई मापाडी आहे म्हणून मोठ्या ऐटीत आले. साडूंनी पोत्यात हात घातला, दोन दाणे दाताखाली धरले आणि चारचौघांत पुकारा केला, ''माल वला हाय! सुकवून आणा!'' सासऱ्यांनी पुढं दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. ''काट्याला सोयरं न्हाई, धायरं न्हाई, दुकानदार,'' साडू मला म्हणाले. मी त्यांचा सख्खा साडू, वयानं धाकटा, पण त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही की 'साडभाऊ' म्हटलं नाही. मी त्यांच्या लेखी दुकानदार तो दुकानदारच. एका दिवाळीला आमच्याकडे शेव घेऊन आले, तर पुडा हातावर झेलत म्हणाले, ''दोन तोळं कमी भरतंय.'' कुठल्या चोराकडून घेतलात, असं मी विचारलं. म्हणाले, ''तुमच्याच दुकानातून.''

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. अंगानं किरकोळ, पण हसली की गल्लीला कळायचं. सासऱ्यांच्या तुरीचा किस्सा ती सगळ्यांत जास्त रंगवून सांगायची. ''माझ्या बापाला वला म्हनलं की वो ह्या मानसानं!'' म्हणून पदर तोंडाला लावायची. नवऱ्याच्या खरेपणावर हसू शकणारी ती एकटीच. तिला लहानपणीच्या तापानं हृदयाचं दुखणं दिलेलं होतं. चार पावलं भराभरा चालली की दम लागायचा, ओठ निळसर व्हायचे. नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, ओझं उचलायचं नाही, उन्हात चालायचं नाही, आणि दर पंधरा दिवसांनी उदगीरच्या दवाखान्यात दाखवायचं. बाई जगेल, पण जपली तर, असं त्यांचं म्हणणं.

आता अडचण अशी, की साडूंचं घर कर्नाटकात होतं. फार लांब नव्हे. उदगीरहून अर्ध्या तासाच्या वाटेवर एक नाला लागतो. नाल्याच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. निजामाच्या राज्यात दोन्हीकडं एकच मालक होता. पुढं भाषेप्रमाणं राज्यं झाली, तेव्हा कुणीतरी नकाशावर रेघ मारली आणि साडूंच्या वाडवडिलांनी बांधलेलं घर पलीकडे गेलं. बाजार, दवाखाना, सोयरे, भांडणं सगळं अलीकडे राहिलं. गावात पोरं मराठीत रडत आणि म्हाताऱ्या कानडीत शिव्या देत. साडू रोज सकाळी मोंढ्यावर येत, संध्याकाळी परत जात. आधी सायकल होती. पुढं अक्काचं दुखणं वाढलं, तिला दवाखान्यात न्यायला म्हणून त्यांनी एक जुनी फटफटी घेतली. गाडी उदगीरची, महाराष्ट्र पासिंगची. पुस्तकावर नाव चढवायला उदगीरचा पत्ता हवा होता. ''माझ्या घराचा टाका की. आपण काय परके हाव का?'' असं मीच म्हणालो. त्या दिवशी मी फार दिलदार झालो होतो. रविवारी गाडी मला मिळेल, असाही एक हिशेब मनात होता. असे हिशेब मला चटकन जमतात.

तीन वर्षं गाडी सुखानं इकडून तिकडं, तिकडून इकडं झाली. आमच्या भागात हे सगळ्यांचंच चालतं. नाल्याजवळच्या नाक्यावर कुणी हटकलं तर ''पाहुण्याकडं चाललोय'' म्हणायचं, ही आमची पद्धत. माणसं रोज सकाळ-संध्याकाळ पाहुण्याकडे जात, आणि नाक्यावरच्या शिपायालाही ते पाठ होतं. पलीकडचे एक मास्तर तर दोन राज्यांच्या नंबरांच्या दोन पाट्या बाळगत. वडाखाली थांबायचे, पान्यानं पाटी बदलायचे, पान खायचे आणि पुढं जायचे. एके दिवशी नाक्यावर पलीकडचा नवा साहेब उभा होता. त्यानं साडूंना थांबवून कानडी हेलात विचारलं, ''एनप्पा, गाडी रात्री कुठं असते?''

याचं उत्तर काय द्यायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साडू म्हणाले, ''घरी.''

''घर कुठं?''

''त्ये काय, नाल्याच्या पल्याड.''

''किती दिवस झाले?''

साडूंनी बोटं मोजली. ''तीन वर्सं दोन म्हैने. मधी आठ दिस दुरुस्तीला व्हती, त्ये वजा करा.''

साहेब बिचारा भला होता. असं उत्तर त्याला नोकरीत पहिल्यांदाच मिळालं असावं. त्यानं नियम समजावला. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर ठेवली तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या राज्याचा ना हरकत दाखला आणावा लागतो. तो आणा, नवा नंबर देतो. नाहीतर पुन्हा गाडी इकडं मुक्कामाला दिसली तर जप्त करीन. असं म्हणून त्यानं सोडलं. दुसरा कुणी असता तर चार दिवस आडवाटेनं गेला असता, पाचव्या दिवशी पुन्हा नाक्यावरून पाहुण्याकडे जायला लागला असता. साडू मोंढ्यावर न जाता तडक माझ्या दुकानात आले आणि तांदळाच्या पोत्यावर बसले. ''दुकानदार, म्या तोलून बघितलं,'' ते म्हणाले. ''गाडी चौदा तास तिकडं ऱ्हाती, धा तास हिकडं. पारडं तिकडंच झुकतंय. साहेबाचं खरं हाय.''

त्या संध्याकाळपासून त्यांनी गाडी घरी नेणं बंद केलं. नाल्याच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या शेवटच्या शेतात, ओळखीच्या शेतकऱ्याचं पत्र्याचं खोपट होतं. त्यात गाडी लावायची, वर पोतं टाकायचं, प्लग काढून खिशात घालायचा आणि पुढचा अर्धा कोस पायी घरी जायचं. दाखला मिळेपर्यंत गाडीची एकही रात्र कर्नाटकात जाता कामा नये. रात्र कशाला, दिवससुद्धा नको, म्हणाले. तास साठत जातात, आणि मग ते कोण मोजणार? रविवारी मोंढा बंद असायचा, तेव्हा नाला ओलांडून गाडीला बघायला यायचे, फडक्यानं पुसायचे आणि परत जायचे. अक्का म्हणायची, ''गाडी माहेरीच ऱ्हाती जनू. मला येवढं माहेर कधी मिळालं न्हाई बगा.''

दाखला मिळाला असता तर हे दोन महिन्यांत संपलं असतं. पण नेमका त्याच सुमारास लातूर जिल्हा नवीन झाला. लातुरात, अहमदपुरात पेढे वाटले. आमच्या उदगीरकरांनी थोडं नाक मुरडून का होईना, पण पेढा खाल्लाच. आता जिल्हा जवळ आला, कामं लवकर होतील, म्हणून साडूंनासुद्धा आनंद झाला. त्यांच्या गाडीचे कागद मात्र जुन्या जिल्ह्यात होते. ते तिकडं गेले, तर तुमच्या तालुक्याचे कागद बांधून ठेवलेत, आता नव्या जिल्ह्यातून घ्या, असं उत्तर मिळालं. नव्या जिल्ह्यात गेले, तर भिंतींचा चुना ओला होता आणि कारकून दस्तांच्या गाठोड्यावरच बसून काम करत होता. तोही माणूस सज्जन. चहा पाजला आणि म्हणाला, ''अप्पा, गाठोडी आलीत, पण सोडायला कपाटं न्हाईत. पुढल्या म्हैन्यात या.'' साडू पुढल्या महिन्यात गेले. त्याच्या पुढल्याही गेले. इतक्या वेळा गेले की लातूर गाडीचा कंडक्टर न विचारताच त्यांचं तिकीट पंच करायला लागला. औशाचा एक एजंट तिथंच झाडाखाली बसायचा. आठ दिवसांत दाखला हातात ठेवतो, म्हणाला. साडूंनी त्याला विचारलं, ''गाठोडं सोडल्याबिगर कागद कसा निघंल?'' एजंट हसला. साडूंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, आणि त्यांनी परत येऊन मलाही विचारलं. मी म्हणालो, घ्या की त्याच्याकडून. तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वजनाखाली मेण लावताना सापडलो.

मग दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी विहिरी खरवडल्या, दुसऱ्या वर्षी खरवडायलाही काही उरलं नाही. अलीकडच्या वस्तीला टँकर यायचा, पलीकडच्या गावाचं नाव अजून कुठल्या यादीत बसायचं होतं. साडू माझ्या घरच्या बोअरचं पाणी दोन डब्यांत भरून गाडीला बांधायचे, खोपटापर्यंत आणायचे आणि तिथून कावडीनं घरी न्यायचे. नाला ठणठणीत कोरडा. नाल्यात पाणी असतं तर गाडी न नेण्याला निदान कारण तरी झालं असतं. आता पात्रातून बैलगाड्या, सायकली, मास्तरांची दोन पाट्यांची गाडी सगळं धूळ उडवत जात होतं, आणि पासष्ट किलोचा हा माणूस खांद्यावर कावड घेऊन त्या धुळीतून चालत होता. अक्काला डब्याला हात लावू द्यायचे नाहीत. तिनं एकदा लपून अर्धी घागर उचलली, तर दोन दिवस जेवले नाहीत.

अक्काला दवाखान्यात आणायचं तर खोपटापर्यंत ती चालणार कशी? आधी शेजाऱ्याच्या बैलगाडीतून यायची. दुष्काळात बैल छावणीला गेले. तेव्हा साडूंनी जे केलं, ते आमच्या भागात अजून सांगतात. मोंढ्यातल्या हमालांची एक मोडकी हातगाडी त्यांनी मागून आणली, स्वतः तिची चाकं बसवली, वर घोंगडी अंथरली, दांड्याला छत्री बांधली आणि अक्काला तिच्यात बसवून अर्धा कोस ढकलत खोपटापर्यंत आणलं. तिथून मागं फटफटीवर. परत जाताना तेच उलटं. ''हातगाडीला पासिंग लागत न्हाई,'' ते मला समाधानानं म्हणाले. ''म्या इचारून घेतलं.''

पहिल्या दिवशी अक्का लाजेनं पदरात तोंड घालून बसली होती. गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून हसलं. पुढं तिनंच लाज सोडली. हातगाडीत मांडी घालून ताठ बसायची, नाक्यावरच्या शिपायाला ''काय दादा, बरं हाय का?'' म्हणायची आणि नवऱ्याला ''वाईच खड्डा चुकवा की वो, तूर न्हाई भरली ह्यात'' असं ओरडायची. तीच आमच्या घरी आल्यावर माझ्या बायकोजवळ मात्र वेगळं बोलली. ''त्येंना हद्द कळती ग,'' म्हणाली. ''चांगली कळती. पर मला धक्के बसत्यात, त्ये न्हाई कळत.''

माझ्या बायकोनं ते मला सांगितलं. त्या पंधरवड्यात मी साडूंशी जन्मात भांडलो नव्हतो इतका भांडलो. नेऊन ठेवा गाडी घरी, मी म्हणालो. बघू कोण जप्त करतो ते. तुमच्या खरेपणाचं ओझं तुम्ही उचला, तिच्या छातीवर कशाला देता? साडू शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ''गाडी जप्त झाली तर तिला दवाखान्यात कशावर आनू? सांगा.'' माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते खोटं बोलण्याचंच होतं, आणि त्यासाठी दुसरा साडू हवा होता. मग मी म्हणालो, अक्काला इथं माझ्या घरी ठेवा, पावसाळ्यापर्यंत. ती यायला तयार नव्हती. म्हणाली, मी हिकडं आले तर हे घरी जाऊन बघतील कुणाकडं? दोघंही तितकीच हट्टी. फक्त तिचा हट्ट कुठल्या कायद्यात बसत नव्हता.

वैशाखातल्या एका रविवारी भर दुपारी अक्काला दम लागला. नेहमीसारखा नाही. साडू घरीच होते. त्यांनी घोंगडी अंथरली, छत्री बांधली, तिला हातगाडीत बसवलं आणि ढकलायला सुरुवात केली. गावातली माणसं सांगतात, ते पळत होते. पंचावन्न वर्षांचा माणूस, खड्डे चुकवत, त्या उन्हात हातगाडी घेऊन पळत होता. खोपटात पोचले, प्लग बसवला, तिला मागं घेऊन धोतरानं स्वतःच्या पाठीशी बांधली आणि उदगीरला आणली. आमच्या दारावरून हाक मारत गेले, आम्ही मागोमाग धावलो, आणि दवाखान्याच्या पायरीवर मी गाठ सोडली, तेव्हा अक्का शुद्धीत होती. माझ्या बायकोचा हात धरून तिनं विचारलं, ''ह्यांनी पानी पिलं का?'' दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दवाखान्याच्या मागं बाभळीखाली मी साडूंना विचारलं. विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव तसा आहे. म्हणालो, अप्पा, ढकलत आणायच्या ऐवजी तुम्ही पळत जाऊन गाडी का घरी आणली नाही? एक दिवस. एक तास. नियमातसुद्धा बसलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ''सुचलंच न्हाई.'' दोन-तीन वर्षं त्यांनी ती हद्द स्वतःच्या मनात इतकी खोल खणली होती, की ऐन वेळी ती ओलांडता येते हेच त्यांना आठवलं नाही. मी डॉक्टरांनाही विचारलं, अर्धा तास आधी आणली असती तर? डॉक्टर हात धूत म्हणाले, ''सांगता येत नाही.'' वाचली असती असं म्हणाले असते तर मी साडूंना शिव्या देऊन मोकळा झालो असतो, नसती वाचली म्हणाले असते तर त्यांना माफ करून टाकलं असतं. आता मला काहीच करता येत नाही. गाडीच्या पुस्तकावर पत्ता माझा होता, हेही मध्येच आठवतं. तो ना हरकत दाखला पुढं निघाला की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्यात दहन नाही, मातीत ठेवतात. आणि साडूंची माती पलीकडे, त्यांच्या शेतात. मोंढ्यातल्या एकानं टेम्पो दिला. महाराष्ट्र पासिंगचाच होता. अक्काला मध्ये ठेवलं, दोन्ही बाजूंनी आम्ही बसलो. साडूंच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. निघण्याआधी त्यांनी डॉक्टरांच्या मागं लागून मृत्यूचा दाखला घेतला होता, दवाखान्याचे सगळे जुने कागद लावले होते, अक्काचं नाव असलेलं रेशनकार्ड घेतलं होतं. एका राज्यात मेलेलं माणूस दुसऱ्या राज्यात न्यायला काय काय लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी होतं नव्हतं ते सगळं घेतलं होतं.

नाका आला. साडूंनी फळीवर हात आपटून टेम्पो थांबवायला लावला. अक्का ज्याला हातगाडीतून 'काय दादा' म्हणायची, तोच शिपाई पुढं आला. त्यानं आत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. साडू पिशवीची गाठ सोडत होते. गाठ सुटत नव्हती.

''साहेब, कागद हायत सगळे,'' ते म्हणाले. ''बघून घ्या.''

''जावा अप्पा,'' शिपाई म्हणाला. ''कागद नको. जावा घेऊन.''

त्यानं आडवा बांबू वर केला आणि तसाच धरून उभा राहिला. टेम्पो हलला. साडू पिशवी छातीशी धरून मागं बघत होते. तो बांबू, तो शिपाई, अलीकडचं ते पत्र्याचं खोपट लहान होत गेलं, तोवर बघत होते. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखही नव्हतं, नुसतं एखाद्या मुलाला पडावं तसं आश्चर्य होतं.

''येवढं सोप्पं हाय व्हय, दुकानदार?''

मी त्यांचा हात हातात घेतला. टेम्पो नाल्यात उतरून पलीकडच्या चढाला लागला होता.